मावशीचा टॅब, भाचीचे खडू

मावशी चिपळूणची. माध्यमिक शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेली. एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसणाऱ्या मुलांच्या कितीतरी तुकड्या तिच्या हाताखालून गेल्या. बोटांच्या सांध्यांनी असहकार पुकारल्यापासून ती टॅबवर चित्रं काढते. भाची पुण्यात एका ॲनिमेशन स्टुडिओत पार्श्वभूमी रंगवते. दिवसभर पडद्यावर झाडं, डोंगर, ढग. आणि रात्री घरी आली की ऑइल पेस्टलची डबी उघडून बसते. वयाच्या हिशेबानं जे एकीच्या हातात असायचं ते दुसरीच्या हातात आहे. निसर्गाची चित्रं काढून मनाला दिलासा मिळतो, हे दोघींना मान्य. तो नक्की कशातून मिळतो, यावर मात्र खडाजंगी. भाची गणपतीला चिपळूणला आली, तेव्हाची ही एक दुपार.

मावशी: आण ती वही इकडे. अगं, हे काय? गुलाबी आकाश, मधोमध चंद्र, कोपऱ्यात एक काळं झाड आणि चारी बाजूंना पट्टी चिकटवून राखलेली पांढरी चौकट. पुढच्या पानावर पुन्हा तेच. आकाश तेवढं जांभळं झालंय.

भाची: यूट्यूबवर बघून काढलीत. शेवटी ती चिकटपट्टी सोलताना जे काही बरं वाटतं ना मावशी, विचारू नकोस.

मावशी: मग नुसती पट्टीच चिकटव आणि सोल. मधे चित्र कशाला घालतेस?

भाची: हस तू. दिवसभर मी दुसऱ्याच्या सांगण्यावरून झाडं रंगवते. पानं थोडी कमी करा, उजेड सोनेरी करा, उद्या सकाळपर्यंत द्या. घरी आल्यावर मला एकही निर्णय घ्यायचा नसतो. कुठला रंग कुठे जाणार हे आधीच ठाऊक असलेलं चित्र हवं असतं. आजी चातुर्मासात रोज गोपद्मं काढायची, तसं. यात नवीन काय, असं तिला कुणी विचारलं का?

मावशी: आईनं गोपद्मांना निसर्गचित्र म्हटलं नाही कधी. तू या चंद्राला म्हणतेस. जूनमध्ये शाळा सुरू झाली की मी नव्या वर्गाला सांगायचे, निसर्गचित्र काढा. अख्ख्या वर्गाचं चित्र एकच. दोन त्रिकोणी डोंगर, मधून उगवणारा सूर्य, वळणाची नदी, एक झोपडी, नारळाचं झाड. खिडकीबाहेर पाऊस कोसळतोय, डोंगर ढगात बुडालाय, आणि कागदावर सूर्य हसतोय! खिडकीकडे पाठ करून काढलेला निसर्ग. तुझा चंद्र त्याच घराण्यातला.

भाची: पण ते काढताना मुलं खूश असायची की नाही?

मावशी: असायची. चुकण्याची भीती नव्हती ना.

भाची: मग मी तेच म्हणतेय! आणि हे माझ्या मनचं नाही. अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठातल्या गिरिजा कैमल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. ३९ प्रौढ माणसांना माती, मार्कर, कोलाजचं सामान दिलं आणि ४५ मिनिटं हवं ते करा म्हणून सांगितलं. आधी आणि नंतर लाळेतलं कॉर्टिसॉल मोजलं. ताण वाढला की जे वाढतं ते. साधारण तीन चतुर्थांश लोकांमध्ये ते उतरलं. आणि आधी कलेचा हात असलेले आणि नसलेले, यांच्यात म्हणावा असा फरक नव्हता. म्हणजे चित्र चांगलं यायलाच हवं असं काही नाही.

मावशी: ३९ म्हणजे आमच्या एका तुकडीहून कमी. आणि शेजारच्या खोलीत नुसती स्वस्थ बसवलेली माणसं होती का, तुलनेला?

भाची: नव्हती.

मावशी: मग पाऊण तास कुणी कटकट केली नाही म्हणूनही उतरलं असेल.

भाची: बरं, दुसरा ऐक. रॉजर उलरिक, १९८४. पेन्सिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या नोंदी त्यांनी तपासल्या. वय वगैरे जुळवून २३ जोड्या लावल्या. जोडीतल्या एकाच्या खिडकीतून झाडं दिसायची, दुसऱ्याच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडंवाले लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकं कमी लागली. आता बोल.

मावशी: हे मला पटतं. पण ती झाडं खरी होती. सकाळी एक, संध्याकाळी एक, वारा सुटला की तिसरंच. यूट्यूबवरचं काळं झाड हलत नाही. आणि तुझ्या हातातला खडू जन्माला आला तोच अशा नकलेविरुद्ध, हे माहीत आहे का तुला?

भाची: खडू? कसा काय?

मावशी: जपानमध्ये यामामोतो कानाए म्हणून छापाचित्रकार होता. तिकडच्या शाळांत मुलांना पुस्तकातली चित्रं बघून हुबेहूब उतरवायला लावायचे. हा म्हणाला, मुलांना डोळ्यांसमोरचं काढू द्या, त्यांच्या मनासारखं. १९१९ पासून त्यानं त्याची चळवळच चालवली. त्यासाठी मुलांना झटपट भरणारा, भडक, ब्रश-पाण्याशिवाय चालणारा रंग हवा होता. त्याच वातावरणात साकुरा कंपनीनं १९२५ च्या सुमारास ऑइल पेस्टल आणले. रंगद्रव्य, मेण आणि न वाळणारं तेल. सुरुवातीला तर उन्हाळ्यासाठी कडक आणि हिवाळ्यासाठी मऊ, असे दोन प्रकार करावे लागले.

भाची: मे महिन्यात इथे डबी उघडली की खडू बोटाला चिकटतात, त्यावर त्यांनीही उपाय शोधला होता म्हणायचं.

मावशी: आपल्याकडे १९३१ साली शाईपासून सुरुवात करणाऱ्या दांडेकरांच्या कॅम्लिननं रंग घरोघरी नेले. पण रंगाबरोबर बघायची सवय पोचली नाही. ती जुनी नक्कलच राहिली. आधी पुस्तकावरून, आता यूट्यूबवरून.

भाची: मावशी, तू नजरेचं बोलतेस, मी हाताचं बोलतेय. पिकासोलासुद्धा हा हातच हवा होता. कागद, लाकूड, कापड, कशावरही थेट चालेल असा रंग त्याला पाहिजे होता, म्हणून पॅरिसच्या सेनेलिएनं १९४९ साली चित्रकारांसाठी वेगळे ऑइल पेस्टल बनवले. माझं म्हणशील तर, ऑफिसात माझी दोन बोटं दिवसभर एकच काम करतात. टॅप केलं की मागे. रेघ नाही आवडली, मागे. रंग नाही आवडला, मागे. संध्याकाळी घरी निघताना वाटतं, आज आपण काही केलंच नाही, नुसतं पुसलं. खडूत ते चालत नाही. चुकीचा हिरवा लागला की लागला. ब्लेडनं खरवडला तरी डाग राहतो. मग त्याच्यावरच पुढचा रंग चढवायचा. खालचा रंग मधून मधून डोकावतो आणि कधी कधी तोच चित्राला उठाव देतो. नखात मेण, बोटावर चार रंग, तेलाचा तो वास. मला माझं शरीर परत मिळतं.

मावशी: हे छान बोललीस. आता माझ्या शरीराचं ऐक. ऑइल पेस्टल दाबून घासावा लागतो, तेव्हा कुठे कागदाचे दाणे भरतात. माझी बोटं सकाळी कपाचा कान धरताना कुरकुरतात, ती खडू काय दाबणार? टॅबवर मी सेटिंग असं करून घेतलंय की पेन नुसतं टेकवलं तरी जाड रेघ उमटते. तुला जी सोय कामाचा जाच वाटते, तिच्यामुळे माझं चित्र चालू राहिलं. नाहीतर वह्या कपाटात ठेवून मालिका बघत बसले असते.

भाची: त्याबद्दल काय बोलणार. पण पडदा तो पडदा. माझ्या पडद्यावर झाडाच्या फांदीवर क्लायंटचा मेल येऊन बसतो.

मावशी: माझ्या टॅबवर फक्त चित्रं. व्हॉट्सॲप फोनवर, आणि फोन आतल्या खोलीत. पडद्याला दोष देऊ नकोस. हॉकनीचं बघ ना, डेव्हिड हॉकनी. २०२० चा वसंत, जगभर टाळेबंदी, हा ८२ वर्षांचा म्हातारा फ्रान्समध्ये नॉर्मंडीतल्या घरी. आयपॅड घेऊन आवारातली झाडं, फुलं, तळं काढत बसला. त्यातली ११६ चित्रं पुढच्या वर्षी लंडनच्या रॉयल अकॅडमीत लागली. डॅफोडिलच्या फुलांचं एक चित्र तर त्यानं मार्चमध्येच लोकांसाठी खुलं केलं. वसंत कुणाला रद्द करता येत नाही, अशा अर्थाचं त्याचं नाव. त्याच्याही आधी तो पहाटे अंथरुणात पडल्या पडल्या फोनवर सूर्योदय काढायचा. पडद्याचाच उजेड, त्यामुळे दिवासुद्धा लावायला नको. तुझ्या खडूनं अंधारात कोणता रंग उचलला ते तरी कळेल का?

भाची: हॉकनी हॉकनी आहे गं. मला चांगलं चित्र नकोच आहे, मला शांत झोप हवी आहे.

मावशी: बरं, एक प्रयोग कर. खिडकीतून तो समोरचा डोंगर दिसतोय ना? तुझ्या डबीत हिरवे किती आहेत?

भाची: २५ रंगांत चार. पोपटी, हिरवा, गडद हिरवा आणि शेवाळी.

मावशी: आणि डोंगरावर?

भाची: मोजता नाही येणार.

मावशी: मग हिरव्यानं सुरुवातच करू नकोस. आधी फिका पिवळा सगळीकडे घास. हलक्या हातानं, कागदाचे दाणे दिसू देत. आता जिथे घळ आहे, सावली आहे, तिथे निळा. आता तांबूस तपकिरी.

भाची: तांबूस? डोंगर हिरवागार आहे.

मावशी: हिरव्याच्या आत जांभा आहे. नुसता हिरवा भरलास तर डोंगर प्लास्टिकचा दिसेल. तपकिरी जेमतेम फिरव. हां. आता वरून हिरवा, पण सगळीकडे नाही. बोटानं पुसायचं तर उताराच्या दिशेनंच पूस, आडवं नको. पोपटी राखून ठेव, तो खाली भाताच्या खाचरांना लागेल. तरव्याचा पोपटी वेगळा असतो, जूनमधला, डोळ्यांत भरणारा. आता भात पोटरीला आलंय, त्यामुळे त्यात थोडा शेवाळी मिसळ. आणि वर ढग उतरलाय तिथे पांढरा घासून खालचे रंग धूसर कर.

भाची: म्हणून पांढरा खडू सगळ्यात आधी संपतो. ... मावशी, हे दमवणारं आहे. प्रत्येक वेळी मान वर करून बघायचं, मग ठरवायचं. याला आराम नाही म्हणता येणार, हे काम आहे.

मावशी: कामच आहे. काम करूनही माणसाला बरं वाटू शकतं, हे तुझ्या ऑफिसनं तुला विसरायला लावलंय.

भाची: मान्य आहे, डोंगर चंद्रापेक्षा बरा झालाय. पण रोज रात्री दहा वाजता मला हे झेपणार नाही. आता तुझा टॅब दाखव. ... हे काय, नदीत पोकलेन?

मावशी: वाशिष्ठीतला गाळ उपसायला उतरला होता तो, पुरानंतर. पिवळाधमक. आणि त्याच्या बादलीपाशी बघ, बगळे. चिखलातून किडे-मासे वर येतात म्हणून ते यंत्राला अजिबात भीत नाहीत, जवळ जाऊन उभे राहतात. आठ दिवस मी रोज काठावर जाऊन बसत होते.

भाची: चित्र छानच आहे. पण यात दिलासा कसला? आमच्याकडे पोकलेन तर सोडच, विजेची एक तार दिसली तरी काढायला सांगतात. प्रेक्षकाला कोकण बघून हुश्श वाटलं पाहिजे म्हणे.

मावशी: ज्या कोकणात तार नाही, महामार्गासाठी कापलेला परशुराम घाट नाही, गाळ नाही, ते कोकण बघून हुश्श वाटतं, आणि मग खऱ्या कोकणात आलं की चिडचिड होते. मला त्या नदीशी जुळवून घ्यायचं होतं. पुढचं चित्र उघड.

भाची: हे... हे आपलंच घर आहे ना?

मावशी: २२ जुलै २०२१. आम्ही माडीवर होतो, तिथून जिन्याच्या खालच्या पायऱ्यांकडे बघताना जे दिसलं ते. मुलांना आयुष्यभर स्मरणचित्र शिकवलं. पावसातला रस्ता काढा, बाजार काढा, एसटी स्टँड काढा. स्वतःचं स्मरणचित्र काढायला मला वर्ष गेलं. त्या पाण्यात कपाटातल्या सगळ्या चित्रांचा लगदा झाला. कागदच तो. खडूंची डबी कुजली, पण खडू शाबूत. तेल-मेणाला पाणी काय करणार? गाळ धुतला, फडक्यानं पुसले आणि तुला दिले.

भाची: म्हणजे मी चंद्र काढते ते... तू बोलली नाहीस कधी.

मावशी: सांगून काय करणार होते? तुला खडू हवे होते. बरं, आता वर उजवीकडे दाब, थर उघडतील. घर एका थरावर काढलंय, सामान दुसऱ्यावर आणि पाणी सगळ्यात वरच्या थरावर. त्या थराची खूण काढ.

भाची: पाणी गेलं.

मावशी: घर कोरडं. पहिल्यांदा हे जमलं तेव्हा कितीतरी वेळ नुसती चालू-बंद करत बसले होते.

भाची: मावशी, रागावू नकोस, पण मी म्हणते ती खोटी सोय हीच. घडलेलं बोटानं बंद करता येत नाही. माझा खडू निदान खोटं तरी बोलत नाही. लागला की लागला.

मावशी: रागावत नाही. सुरुवातीला खोटी सोयच होती. पण बंद केलं की घर ओळखीचं वाटेना. भिंतीवर पाण्याची रेघ नाही, आणि मला तर ती रेघ रोज दिसते. म्हणून पुन्हा चालू केलं. मग पाण्याचा रंग जुळवत बसले. तपकिरी म्हणावा तर तो करडाही होता, वर तेलाचा तवंग, दारातून उजेड यायचा तिथे चक्क सोनेरी. त्या दिवशी हे काही बघता आलं नव्हतं. त्या दिवशी पाणी त्याच्या वेगानं आलं. चित्रात ते माझ्या वेगानं आलं. एका दुपारी एक पायरी.

भाची: हं. हे मला कळतंय. ऑफिसात सगळं दुसऱ्याच्या वेगानं चालतं. घरी चंद्र काढते तेव्हा कुणी घाई करत नाही. मला वाटायचं, मला सोपं चित्र हवं आहे. बहुतेक मला माझा वेग हवा आहे. आणि उलरिकच्या रुग्णांनाही झाडाची काही घाई नव्हती.

मावशी: त्यांचं मला माहीत नाही. पण आपल्या दोघींचं तरी तसंच दिसतंय.

भाची: तरी एक आहे, मावशी. हा पूर खडूनं काढला असतास तर वेगळा आला असता. पाणी घरावर चढवावं लागलं असतं, खालच्या पायऱ्या कायमच्या झाकल्या गेल्या असत्या. ते सोसून काढण्यात काहीतरी असतं. थर बंद करायची सोय आहे म्हटल्यावर आपण तेवढं धाडस करत नाही.

मावशी: आणि मला ती सोय नसती तर मी हे चित्र सुरूच केलं नसतं. बंद करता येईल, या खात्रीवर मी पाणी काढायला घेतलं. धाडस सगळ्यांना एकदम जमत नाही, काहींना परतीचा रस्ता लागतो. आणि हे बघ, दिलासा-दिलासा म्हणून चित्राच्या डोक्यावर फार ओझं ठेवू नकोस. पुराच्या दुसऱ्या दिवशी पहिला दिलासा दिला तो वरच्या आळीतून आलेल्या पोळीभाजीनं, मग गाळ काढायला आलेल्या पोरांनी, मग पंचनाम्यानं. चित्राची पाळी त्यानंतर. ज्याला रात्र रात्र झोप लागत नाही, त्यानं आधी डॉक्टर गाठावा. खडू नंतर.

भाची: तो टोमणा मला होता का?

मावशी: थोडासा. झोपेचं तूच म्हणालीस.

भाची: बरं, आपण तह करू. आठवडाभर चंद्र, रविवारी खिडकी. पुण्यात माझ्या खिडकीतून एक बहावा आणि पार्किंगचा पत्रा दिसतो.

मावशी: पत्राही काढायचा.

भाची: पत्राही काढीन. पण चंद्राला नावं ठेवायची नाहीत.

मावशी: नाही ठेवणार. खुशाल काढ, पट्टीही सोल. आणि पुढच्या खेपेला येताना पांढरे खडू सुटे मिळतात का बघ, दोन-चार जास्तीचे घेऊन ये.

भाची: ते कशाला? तू तर टॅबवाली.

मावशी: संध्याकाळी शेजारची मुलं येतात ना, त्यांच्यासाठी. परवा एकीनं बगळा काढला आणि सगळा पांढरा एकट्या बगळ्यावर उडवला. बाकीची भांडायला लागली.